आडव्या माणसाचं माप

आई किंचाळली तेव्हा मी हॉलमध्ये जमिनीवर उताणा पडलो होतो. अंगावर पांढरं कापड होतं आणि त्या कापडातून बाहेर आलेले माझे दोन्ही पाय दक्षिणेकडे होते.

यात माझा कसलाही वाईट हेतू नव्हता. दुपारी कुरिअरने तंबू आला होता. बायको बँकेत, आई भजनाला. म्हटलं, दोघी यायच्या आत लावून ठेवू, आत बसून चहा घेऊ आणि दार उघडल्यावर त्यांना थक्क करू. तंबूला दोन कापडं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. बाहेरचं कुठून कुठे जातं ते काही समजेना, म्हणून ते सोफ्यावर टाकलं आणि आतलंच उभं केलं. ते पातळ होतं आणि दुर्दैवाने पांढरंशुभ्र होतं.

खोक्यावर लिहिलं होतं, ‘दोन माणसांसाठी, लांबी दोनशे दहा सेंटिमीटर’. मी एकशे नव्वद. गणितात पास होतो. पण ती लांबी जमिनीवरची होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तंबूच्या भिंती खालून वर आत आत येतात. त्यामुळे मी आडवा झालो तर कापड थेट नाकावर आलं. नाक सोडवायला खाली सरकलो तर पाय पलीकडच्या दाराला टेकले, चेन आपोआप उघडली आणि पोटऱ्यांपर्यंत पाय बाहेर आले. तेवढ्यात एक काठी सुटली आणि सगळा डोलारा अलगद माझ्या अंगावर उतरला. फाटू न देता उठायचं कसं याचा मी शांत पडून विचार करत होतो. नेमकं तेव्हाच दाराचं कुलूप फिरलं.

“आई, मी आहे,” असं मी कापडाखालून म्हणालो. त्याने परिस्थिती आणखी बिघडली. मग मी उठायला गेलो. पांढरं काहीतरी दोन पायांवर उभं राहून आपल्याकडे येतंय, हे बघून आईने हातातली प्रसादाची वाटी नेम धरून मारली. शिरा होता. तंबूला तुपाचा डाग पडला आणि तंबू परत पाठवायची वाट तिथेच बंद झाली.

समोरच्या वहिनी धावत आल्या, पाणी झालं, पंखा झाला. जरा दम खाल्ल्यावर आईला मुद्द्याची गोष्ट आठवली.

“आणि पाय कुठे केले होतेस? दक्षिणेला! पन्नाशी उलटली तुझी, एवढं कळू नये?”

“अगं आई, हॉल त्याच बाजूने लांब आहे.”

“मग पलीकडे डोकं करायचं होतंस. नाहीतर हॉल फिरवायचा होतास.”

तिने मीठ-मोहरी घेऊन माझी दृष्ट काढली. कुणाची दृष्ट ते तिलाच ठाऊक. वर बजावलं की असलं पांढरं पुन्हा या घरात यायला नको, हे आजच्या आज बाहेर गेलं पाहिजे. तंबू परत आपल्या पिशवीत काही जाईना. शेवटी एका जुन्या उशीच्या अभ्र्यात कोंबून मी तो गाडीच्या डिकीत ठेवून आलो.

संध्याकाळी बायको आली. आईने साभिनय सगळं सांगितलं. बायको चपला काढता काढता चपलांच्या कपाटावरच बसली आणि पोट धरून हसली. आई स्वयंपाकघरात गेल्यावर मात्र तिचं हसणं थांबलं. आईसमोर ती मला ‘अहो’ म्हणते आणि आई आत गेली की ‘तू’. लग्नापासूनची पद्धत आहे.

“म्हणजे तू खरंच तंबू मागवलास?” ती हळू आवाजात म्हणाली. “येणार आहेस?”

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी पटकन ‘हो’ म्हटलं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी सहा फूट तीन इंच आहे आणि वजनाने शंभरी कधीच ओलांडली आहे. लहान मुलाला कुणी ओलांडून गेलं तर त्याची वाढ खुंटते असं म्हणतात. त्यामुळे आई मला जमिनीवर झोपवून चारी बाजूंनी उशा लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळे वटारायची. एखाददुसऱ्याला ओलांडू दिलं असतं तर आज बरं झालं असतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत बसतो, नाहीतर मागचे लोक कुरकुरतात. शेअर रिक्षात मी बसलो की तिसरा माणूस घेत नाहीत, रिक्षावाले स्वतःच नाही म्हणतात. हे सगळं अंगवळणी पडलं आहे. लोक हसतात, मीही हसतो, जमून जातं.

डोंगरावर मात्र ते जमत नाही.

बायको माझ्या खांद्याच्याही खाली येते. काटक आहे. काही वर्षांपूर्वी बँकेतल्या मैत्रिणीबरोबर ती एकदा कर्नाळ्याला गेली आणि तिथून तिला डोंगराचा नाद लागला. आमच्या पनवेलमधल्याच एका लहानशा ग्रुपबरोबर महिन्यातून एखादा रविवार ती जाते. पहाटे चहा करून, आईसाठी पोळ्या करून, पाठीवर सॅक टाकून निघते आणि दुपारी लालबुंद चेहऱ्याने परत येते. त्या दिवशी ती घरात गुणगुणते. एरवी गुणगुणत नाही.

मी एकदाच तिच्याबरोबर गेलो होतो, प्रबळगडावर. मध्ये माची लागते, तिथे घरं आहेत, चहा मिळतो, जेवण मिळतं. मी कसाबसा तिथवर पोचलो आणि एका घरासमोरच्या बाजेवर बसलो तो बसलोच. बाजही कुरकुरली. ग्रुप पुढे गेला. बायकोला मी म्हटलं, तू जा. ती नाही गेली. माझ्याशेजारी बसून राहिली, वर गडाकडे बघत. येताना चकार शब्द बोलली नाही आणि घरी आल्यावर मला गरम पाण्याची पिशवी दिली. चिडली असती तर फार बरं झालं असतं.

त्यानंतर तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही. या वर्षी विचारलं. डिसेंबरात ग्रुप सह्याद्रीच्या माथ्यावरून चार-पाच दिवस चालणार आहे, राहायचं तंबूत, सगळं आपापल्या पाठीवर. कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “यंदा तू येतोस का? रोजचं चालणं फार नाहीये. चढही बेताचे आहेत. तंबू आपण वाटून घेऊ, निम्मा तुझ्या पाठीवर, निम्मा माझ्या.”

आता माझी अडचण बघा. नाही म्हटलं तर ती पुन्हा विचारणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. हो म्हटलं आणि वाटेत बसलो, तर ती पुन्हा माझ्याशेजारी बसणार आणि तिचा वर्षभर मनात धरलेला ट्रेक माझ्या गुडघ्यांपायी बुडणार. दोन्हीकडून मीच आडवा येणार. म्हणून तेव्हा मी नुसतं ‘बघू’ म्हटलं, त्या संध्याकाळी तोंडाने हो म्हटलं आणि मनातलं सगळं ओझं तंबूवर टाकलं. तंबू मिळाला तर जाऊ. न मिळाला तर त्यात माझा काय दोष?

तशी सोयही होती. या ग्रुपच्या लीडर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या बाई आहेत. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांचा एक कडक नियम आहे. मोठ्या ट्रेकच्या आधी एका रविवारी प्रत्येकाने आपला तंबू त्यांच्यासमोर लावायचा, स्लीपिंग बॅगमध्ये शिरून आत आडवं व्हायचं, आणि बाई बाहेरून कापडाला हात लावून बघणार. आतल्या माणसाचं डोकं किंवा पाय कापडाला लागले तर तंबू नापास. कारण असं की पहाटे कापडाला आतून दव धरतं. बॅग तिथे टेकली की भिजते. भिजलेल्या बॅगेत माणूस कुडकुडतो, दुसऱ्या दिवशी चालू शकत नाही आणि त्याच्यापायी सगळा ग्रुप अडकतो. माझ्यासारखा गडी अडकला तर त्याला उचलून खाली आणायला दुसरा ग्रुप बोलवावा लागेल, हे बाई बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे बघून थांबल्या.

तर तुपाच्या डागाचा तंबू बाद झाल्यावर मी दुसरा शोधायला निघालो. बरोबर सुकापूरचा माझा मित्र होता. कॉलेजपासूनचा. मी उंचीला जेवढा आहे तेवढा तो रुंदीला आहे. त्यांच्या भातशेतीवर आता इमारती उभ्या आहेत आणि तो सिमेंट-सळयांचा धंदा करतो. तंबूचं ऐकल्यावर तो म्हणाला, “तुला रं तंबू कशाला? तुला मांडव लागंल. आमच्या हलदीचा मांडववाला हाय, त्याला सांगतो. खुर्च्या पन देल.”

ओवे गावाकडे वळताना ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथे एक मुलगी होती, स्वतः डोंगर चढणारी, बोलायला गोड. मी शिरताना दाराच्या वरच्या चौकटीला डोकं आपटलं, तेव्हाच तिला अंदाज आला असावा.

“काका, एकट्यासाठी की दोघांसाठी?”

“दोघांसाठी. मी आणि मिसेस.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि अदबीने म्हणाली, “काका, दोघांचा लिहिलेलं असतं ना, ते दोन बारीक माणसांसाठी असतं. तुम्ही तिघांचा बघा.”

“आनि मिसेस आल्यावर?” मित्र म्हणाला.

“त्यांना धरूनच सांगतेय.”

“आणि एक,” मी म्हणालो, “पांढरा नको.”

“का? पांढऱ्याने काय होतं?”

“आईला चालत नाही,” मी म्हणालो. मित्राला त्या दिवशीची हकिकत माहीत होती. तो स्लीपिंग बॅगांच्या मागे जाऊन हसून आला.

मग सुरू झालं माझं आडवं होणं. दुकानात तंबू लावून ठेवलेले होते. एकेकात शिरायचं, पाय ताणायचे आणि दोन्हीकडून कापड टेकतं का ते बघायचं. शिरताना मी गुडघ्यांवर रांगत जायचो, बाहेर येताना मित्र मला पायांना धरून ओढायचा. रविवारची गर्दी होती. कुणीतरी आपल्या लहान मुलीला सांगत होतं, “बघ, काका घर घेतायत.” पहिला तंबू लांबीला पुरला, पण भिंती इतक्या तिरक्या की उठून बसलो तर डोकं छताला. दुसरा उंच, ऐसपैस, आत बसून पत्ते खेळता आले असते, पण त्याचं वजन पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीएवढं. तिसरा पिसासारखा हलका. त्यात शिरलो तर पोट आणि कापड यांच्यात काही अंतरच उरलं नाही.

“याच्यात तू भरल्या वांग्यासारका दिसतोस,” मित्र म्हणाला.

मी हसलो. पण खरं सांगायचं तर प्रत्येक तंबू बाद झाला की मला आतून जरा बरं वाटायचं. तेवढंच वाईटही वाटायचं. अजून एक गेला, अजून दोन राहिले, मग घरी जाऊन सांगता येईल की सगळं दुकान पालथं घातलं गं, माझ्या मापाचा मिळतच नाही. ते वाक्य मी मनात तयारही करून ठेवलं होतं. चेहरा कसा करायचा तेही.

तेवढ्यात त्या मुलीने आतून एक लहानशी गुंडाळी आणली. “काका, हा बघा. याला स्वतःच्या काठ्याच नाहीत. चालताना हातात ज्या काठ्या असतात, त्याच दोन उभ्या करायच्या आणि कापड खुंट्यांनी ताणायचं. म्हणून वजन कमी. भिंती बऱ्यापैकी उभ्या आहेत आणि लांबीही जास्त आहे. उंच लोक हाच नेतात.”

“बग,” मित्र म्हणाला, “दिवसभर जिच्यावर टेकायचं, संध्याकाळी तिच्यावरच घर उबारायचं. मस्त हाय.”

रंग शेवाळी. बायकोकडे काठ्या होत्याच. गुंडाळी हातात घेतली तर तिच्यापुढे मोठ्या कलिंगडाचा अर्धा भागही जड वाटला असता. माझं तयार वाक्य फुकट गेलं.

“लावून दाखव,” मी म्हणालो.

“इथे नाही लागणार काका. टाइल्स आहेत. खुंट्या मारायला माती लागते. न्या, लावून बघा, नाही जमला तर स्वच्छ ठेवून परत आणा. फक्त डाग नको.”

मित्र मला कोपराने ढोसत म्हणाला, “शिऱ्यापासून लांब ठेव.”

आता माती शोधायची पाळी आली. तुम्ही कधी नवीन पनवेलमध्ये माती शोधली आहे का? आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. बाग म्हणून जी आहे तिथे खिळा ठोकला तर सेक्रेटरी नोटीस लावतात. जवळच्या सार्वजनिक मैदानात वॉचमनने खुंट्या बघितल्या आणि विचारलं, “कसला स्टॉल आहे? परमिशन?” मित्राला फोन केला, म्हटलं तुझ्याकडे येतो, तुमची एवढी जमीन. तो मग म्हणाला, “आमच्याकडं आता माती नाय रं. सगळी प्लिंथ हाय, नुसतं काँक्रीट.” नंतर स्वतःच हसला, पण नेहमीसारखा नाही.

त्यामुळे तंबू न लावताच दिवस जात राहिले. मी सकाळी तलावाभोवती चालायला लागलो, पाठीवर सॅक, सॅकेत तांदूळ. ओळखीचे लोक थांबवून विचारायचे, “काय, गावाला निघालात?” मी “हो” म्हणायचो, कारण “नाही, सराव करतोय” असं म्हटलं तर ते वरपासून खालपर्यंत बघायचे, आणि माझ्या बाबतीत त्याला वेळ लागतो. एका फेरीत गुडघा बोलायला लागायचा, दुसरीत श्वास. मी बाकावर बसायचो आणि मला ती माचीवरची बाज आठवायची. बायको शेजारी, वर बघत. घरी गेलो की ती विचारायची, “जमतंय ना?” मी म्हणायचो, “एकदम.” आई म्हणायची, “अहो, त्या बिचाऱ्या तांदळाला रोज फिरवून काय मिळतं तुम्हाला?” आई मला ‘अहो’ म्हणते तेव्हा ती टोमणा मारत असते.

आणि बाईंचा रविवार उजाडला.

कोन गावाच्या पुढे, ग्रुपमधल्या एकांच्या मामांचं शेत आहे. भात नुकताच कापलेला, खुंट उभे, पलीकडे एक्सप्रेसवेचा अखंड आवाज. सगळ्यांनी आपापले तंबू काढले आणि बघता बघता उभे केले. टप टप टप, छत्र्या उघडल्यासारखे. आमचा तेवढा जमिनीवर शेवाळी चादरीसारखा पसरून राहिला. भाताचं शेत कापणीनंतर वाळलं की काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. सिमेंट होतं. पहिली खुंटी वाकली. दुसरी उडून माझ्याच नडगीवर लागली. मी दगड घेऊन ठोकतोय, घाम नाकावरून ठिबकतोय, आणि मनात एकच, की नाही लागला तर नाही लागला.

बायको पाण्याची बाटली घेऊन आली. मला वाटलं, मला पाजायला. तिने ती एकेका कोपऱ्यात जमिनीवर ओतली, थोडी थांबली आणि मग अंगठ्याने खुंटी दाबत आत घातली. जमीन मऊ झाली होती. काठ्या उभ्या राहिल्या, दोऱ्या ताणल्या आणि तंबू उभा राहिला. चांगला दिसत होता मेला. भिंतीही उभ्या होत्या.

बाई गळ्यातली शिट्टी सावरत आल्या. “चला, आत. बॅगेत. सरळ झोपा.”

मी आत गेलो. भर उन्हात स्लीपिंग बॅगेत शिरलो, कोंबला गेलो म्हणा, आणि सरळ झोपलो. हात छातीशी, पाय जोडलेले, अगदी सभ्य माणसासारखा. वरचं कापड नाकापासून चांगलं दूर होतं. मला आश्चर्य वाटलं.

“पाय ताणा.”

ताणले.

“खोल श्वास. आता कुशीवर. पुन्हा उताणे.” बाहेरून बाईंचा हात कापडावरून फिरत होता, डोक्याकडून पायांकडे. पायांशी थांबला. बाहेरून त्यांनी माझा अंगठा धरला आणि हलवला. “हे काय आहे?”

“अंगठा,” मी आतून म्हणालो.

“कापडाला टेकलाय. नापास.”

आता जे झालं ते लिहायला मला लाज वाटते, पण झालं ते झालं. मला हायसं वाटलं. सगळं अंग सैल पडलं. गुडघे, श्वास, ती बाज, सगळ्यातून सुटलो. मी कापडाकडे बघत पडलो होतो आणि मला वाटतं मी थोडा हसलोही. तेवढ्यात दाराचं कापड बाजूला झालं आणि बायकोचं डोकं आत आलं. तिने माझा चेहरा बघितला. एक क्षणच. मग ती बाहेर वळून म्हणाली, “बाई, एक मिनिट थांबा. यांना झोपताच येत नाही.”

आणि ती आत आली. गुडघ्यांवर रांगत, माझ्या उशाशी. “सरक,” ती कुजबुजली. “तू असा कधी झोपतोस का? तिरका हो. डोकं या कोपऱ्यात, पाय त्या कोपऱ्यात. घरी कसा झोपतोस?”

आमचा पलंग चारचौघांसारखा आहे. मी त्यावर सरळ झोपलो तर पाय बाहेर लोंबकळतात. म्हणून पहिल्या दिवसापासून मी कोपऱ्यातून कोपऱ्यात झोपतो आणि माझ्या एका अंगाला जो त्रिकोण उरतो त्यात ती झोपते. याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. दुकानात मित्रासमोर, त्या मुलीसमोर, आज बाईंसमोर मी जो पट्टीसारखा सरळ झोपत होतो, तो जगाला दाखवायला. घरी मी तसा एकदाही झोपलेलो नाही.

मी सरकलो. तिरका झालो. बायको आपली बॅग घेऊन शेजारच्या त्रिकोणात शिरली, पाठ माझ्याकडे, गुडघे जवळ, जशी रोज असते तशी.

“पाय ताणा,” बाई बाहेरून म्हणाल्या. हात फिरला. डोकं, खांदा, पाय. पुन्हा पाय. कुठेच काही लागलं नाही. बाई वाकून आत डोकावल्या. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“आणि तुम्ही एवढ्याशात मावता?”

“पंचवीस वर्षं मावतेय, बाई,” बायको म्हणाली.

“पास,” बाई म्हणाल्या आणि शेजारच्या तंबूकडे वळल्या.

आम्ही दोघं थोडा वेळ तसेच पडून राहिलो. बाहेर कुणाची तरी शिट्टी, कुणाचं तरी हसणं, पलीकडे ट्रकांचा आवाज. आत उकडत होतं. शेवाळी उजेडात तिची पाठ दिसत होती. तिने वळून बघितलं नाही. पण माझी जी सुटका झाली होती ती आता परत घेतली गेली आहे, हे मला नीट कळत होतं. तंबू माझ्या मापाचा निघाला होता. आता दोष द्यायला फक्त मी उरलो होतो.

येताना गाडी मीच चालवत होतो. तंबू मागच्या सीटवर, मातीने माखलेला, त्यामुळे तोही आता परत जाणार नव्हता. कळंबोलीच्या सर्कलला गाड्या अडकल्या होत्या. मी इंजिन बंद केलं. पाण्याच्या बाटल्या विकणारा येऊन गेला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

“मघाशी,” मी सुरुवात केली.

“बघितलं मी,” ती म्हणाली. “बाई नापास म्हणाल्या तेव्हा तुझा चेहरा. निकाल लागल्यासारखा उजळला होता.”

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, उगाचच, पुढे जायला जागाच नव्हती. मग मी ते सगळं बोलून टाकलं. जे तलावाभोवती तांदूळ घेऊन फिरताना रोज मनात यायचं ते. म्हटलं, मला तंबूची भीती नाही गं. थंडीचीही नाही. मी परत वाटेत बसलो तर? प्रबळगडासारखा? तू परत माझ्याशेजारी बसशील आणि वर बघत राहशील, एक शब्द बोलणार नाहीस, आणि तुझा हा ट्रेकही माझ्यापायी जाईल. ते मला पुन्हा बघवणार नाही.

पुढची गाडी हलली, मी इंजिन सुरू केलं, हातभर पुढे गेलो, पुन्हा थांबलो.

“त्या दिवशी मी पुढे जायला हवं होतं,” ती म्हणाली. “आठवडाभर मी माझ्यावरच चिडले होते, तुझ्यावर नाही. या वेळी तू वाटेत बसलास तर बस. मी नाही बसणार. मी पुढे जाणार. तू खालच्या गावात उतर, चहा पी, एसटी पकड, आईंना फोन कर की येतोय. आणि उतरण्याआधी तंबूचा तुझा अर्धा भाग माझ्या पाठीवर दे. लग्न झाल्यापासून मला एक दिवस सरळ झोपायचंय.”